थँक्सगिव्हिंग

थँक्सगिव्हिंग (शब्दशः अर्थ : आभारप्रदर्शन, कृतज्ञता व्यक्त करणे) हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी साजरा होणारा राष्ट्रीय सण आहे. हंगामाच्या अखेरीस पिकाबद्दल व वर्षभरात लाभलेल्या सुखाबद्दल आभार मानणे हा त्याचा मूळ हेतू होय. कालांतराने त्याचे धार्मिक स्वरूप मागे पडले व आप्तस्वकीयांनी एकत्र जमून भोजन करण्याचा कौटुंबिक सण म्हणून तो रूढ झाला. भाजलेला टर्की पक्षी, क्रॅनबेरीची चटणी व भोपळ्याचा पाय हे या भोजनातील प्रमुख पदार्थ आहेत. कॅनडामध्ये याच नावाचा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो. अमेरिकेतील अनेक मूळ रहिवासी मात्र हा दिवस शोकदिन म्हणून पाळतात.

दिवस व सुटी

चौथा गुरुवार हा नियम असल्यामुळे हा सण २२ ते २८ नोव्हेंबर या दरम्यान कोणत्याही तारखेस येतो. गुरुवारी सार्वजनिक सुटी असते. शाळा व बहुतेक कचेऱ्या शुक्रवारीही बंद असतात, त्यामुळे शनिवार-रविवार धरून सलग चार दिवसांची सुटी मिळते. नाताळ हा ख्रिस्ती धर्मीयांचा सण आहे; थँक्सगिव्हिंगला मात्र कोणत्याही एका धर्माचे बंधन नाही. ज्यू, मुस्लिम, हिंदू आणि कोणताही धर्म न मानणारी कुटुंबेही तो साजरा करतात. भेटवस्तू देण्याची प्रथा या सणात नाही. भोजन आणि भेटीगाठी हेच त्याचे सार आहे.

इतिहास

१६२१ चे भोजन

सप्टेंबर १६२० मध्ये इंग्लंडहून निघालेल्या ‘मेफ्लॉवर’ या जहाजातून १०२ प्रवासी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आले व आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लिमथ येथे त्यांनी वसाहत केली. थंडी, उपासमार व आजारपण यांमुळे पहिल्याच हिवाळ्यात त्यांपैकी सुमारे निम्मे लोक मरण पावले. ज्या जागी ही वसाहत उभी राहिली ते वांपानोआग लोकांचे पटुक्सेट नावाचे गाव होते. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय लोकांच्या संपर्कातून आलेल्या साथीने ते ओस पडले होते. या गावचा टिस्क्वांटम (इंग्रजी लेखनातील ‘स्क्वांटो’) यास १६१४ मध्ये एका इंग्रज खलाशाने पळवून स्पेनमध्ये गुलाम म्हणून विकले होते. तो इंग्लंडमार्गे परत आला तेव्हा त्याचे गाव उरले नव्हते. त्यानेच वसाहतवाल्यांना मका पेरण्याची पद्धत शिकवली व दुभाष्याचे काम केले.

१६२१ च्या शरद ऋतूत मक्याचे पीक हाती आल्यावर वसाहतीत तीन दिवस मेजवानी झाली. वांपानोआग प्रमुख मॅसॅसॉइट सुमारे ९० पुरुषांसह तेथे आला व त्यांनी पाच हरणे मारून आणली, असा उल्लेख एडवर्ड विन्स्लो याच्या पत्रात आहे. इंग्रजांची संख्या त्या वेळी जेमतेम ५० होती. विन्स्लोच्या पत्रात रानपक्ष्यांचा उल्लेख असला तरी टर्कीचे नाव नाही. बटाटे व भोपळ्याचा पाय हे पदार्थ त्या मेजवानीत नव्हते. लोणी व गव्हाचे पीठ यांचाच तेथे अभाव होता. त्या लोकांनी या मेजवानीस ‘थँक्सगिव्हिंग’ असे म्हटलेही नव्हते. त्यांच्या भाषेत तो शब्द प्रार्थना व उपासनेच्या दिवसासाठी होता. अलेक्झांडर यंग यांनी १८४१ मध्ये हे पत्र छापताना एका टीपेत त्याला ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ असे संबोधले, आणि पुढे तीच ओळख रूढ झाली.

राष्ट्रीय सण

जॉर्ज वॉशिंग्टन यांनी २६ नोव्हेंबर १७८९ हा दिवस देशभर आभारदिन म्हणून पाळण्याची घोषणा केली होती, परंतु त्यानंतर प्रत्येक राज्य आपापल्या सोयीने दिवस ठरवत असे. न्यू इंग्लंड प्रांतात हा सण विशेष लोकप्रिय होता. तो देशव्यापी करण्याचे श्रेय सारा जोसेफा हेल या संपादिकेला दिले जाते. स्त्रियांसाठीच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकातून त्यांनी अनेक वर्षे लेख लिहिले, पाककृती छापल्या, राज्यपालांना व राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवली. अखेर यादवी युद्ध चालू असताना अब्राहम लिंकन यांनी ३ ऑक्टोबर १८६३ रोजी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभारदिन म्हणून जाहीर केला.

१९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. सण महिनाअखेरीस गेल्यास नाताळच्या खरेदीचे दिवस कमी होतील, ही व्यापाऱ्यांची तक्रार मान्य करून फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तो एक आठवडा अलीकडे आणला. सुमारे निम्म्या राज्यांनी हा बदल मानला, उरलेल्यांपैकी बहुतेकांनी जुनाच दिवस पाळला आणि टेक्साससारख्या राज्याने दोन्ही दिवस सुटी दिली. विरोधकांनी राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून ‘फ्रँक्सगिव्हिंग’ असा शब्द तयार केला. हा गोंधळ मिटवण्यासाठी संसदेने डिसेंबर १९४१ मध्ये चौथ्या गुरुवारचा कायदा केला. तोच आजही लागू आहे.

पूर्वतयारी

बाजारहाट व स्वयंपाकाचे नियोजन

सणाची तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू होते. पाहुणे किती, कोण काय आणणार आणि यजमानपद कोणाकडे, हे प्रथम ठरते. अनेक कुटुंबांत टर्की व सारण यजमान करतात आणि बाकीचे पदार्थ पाहुणे वाटून घेतात. एकाच पदार्थाची चार भांडी येऊ नयेत म्हणून याद्या केल्या जातात. टर्की विकत घेताना हाडांसह माणशी सुमारे एक पौंड (अर्धा किलोच्या आसपास) असा हिशेब धरण्याची पद्धत आहे.

बहुतेक घरांत गोठवलेला टर्की आणला जातो आणि तो वेळेत वितळवणे हे तयारीतील सर्वांत नाजूक काम असते. कृषी खात्याच्या सूचनेनुसार फ्रीजमध्ये ठेवलेल्या पक्ष्याला दर ४ ते ५ पौंड वजनामागे २४ तास लागतात; म्हणजे ६ किलोचा पक्षी सणाच्या तीन दिवस आधी, रविवारी किंवा सोमवारी, खालच्या कप्प्यात ठेवावा लागतो. ज्यांच्याकडून हे राहून जाते ते तो थंड पाण्यात बुडवून ठेवतात. या रीतीने पौंडामागे अर्धा तास लागतो व दर अर्ध्या तासाला पाणी बदलावे लागते. ओट्यावर तसाच ठेवून वितळवणे धोक्याचे मानले जाते, कारण आतला भाग गोठलेला असतानाच बाहेरच्या मांसात जंतू वाढू लागतात. काही जण पक्षी आदल्या रात्री मीठ व मसाल्याच्या पाण्यात मुरवतात.

सर्वसाधारणपणे आठवड्याचा क्रम असा असतो :

* शनिवार-रविवार : घराची साफसफाई, मोठी भांडी व जादा खुर्च्या काढणे, किराणा भरणे.
* सोमवार : टर्की फ्रीजमध्ये वितळत असतो, सारणासाठी पाव कापून सुकवणे.
* मंगळवार : क्रॅनबेरीची चटणी शिजवणे, पायची पारी मळून ठेवणे.
* बुधवार : पाय भाजणे, भाज्या चिरणे, टेबल मांडणे.
* गुरुवार : पहाटे किंवा सकाळी टर्की ओव्हनमध्ये ठेवणे.

ओव्हन एकच आणि त्यात जाणारे पदार्थ अनेक, ही बहुतेक घरांची अडचण असते. म्हणून जे पदार्थ आधी करून ठेवता येतात ते बुधवारीच उरकले जातात. पहिल्यांदा स्वयंपाक करणाऱ्यांच्या शंकांसाठी बटरबॉल या कंपनीने १९८१ मध्ये दूरध्वनी सल्लासेवा सुरू केली. ती आजही चालू आहे.

प्रवास

शिक्षण व नोकरीनिमित्त मुले दूरच्या राज्यांत राहत असल्यामुळे या आठवड्यात देशभर मोठी ये-जा होते. सणाच्या आदल्या दिवशीचा बुधवार व नंतरचा रविवार हे विमानतळ व महामार्ग यांवरील सर्वाधिक गर्दीचे दिवस असतात. महाविद्यालयात नव्याने गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांची ही घरी परतण्याची पहिली वेळ असते. ईशान्येकडील राज्यांत याच सुमारास पहिला बर्फ पडू शकतो, त्यामुळे हवामानाच्या अंदाजाकडे सर्वांचे लक्ष असते.

सणाचा दिवस

सकाळी न्यूयॉर्क शहरात मेसीज या दुकानाची मिरवणूक निघते. ती १९२४ मध्ये सुरू झाली. १९२७ पासून तिच्यात कार्टूनमधील पात्रांचे प्रचंड फुगे आले. दुसऱ्या महायुद्धात रबर व हेलियम यांच्या टंचाईमुळे १९४२ ते १९४४ अशी तीन वर्षे ती बंद होती. स्वयंपाक चालू असताना दूरदर्शन संचावर ही मिरवणूक लावून ठेवण्याची अनेक घरांत रीत आहे. बऱ्याच गावांत सकाळी ‘टर्की ट्रॉट’ नावाच्या धावण्याच्या शर्यती होतात. बफेलो शहरातील शर्यत १८९६ पासून चालू आहे. दुपारी अमेरिकन फुटबॉलचे सामने असतात. डेट्रॉइट लायन्स हा संघ १९३४ पासून आणि डॅलस काउबॉइज हा संघ १९६६ पासून या दिवशी खेळण्यासाठी प्रसिद्ध आहे.

भोजनाची वेळ ठराविक नसते. दुपारी दोन ते सायंकाळी सहा या दरम्यान केव्हाही पंगत बसते. मोठ्या कुटुंबात मुलांचे टेबल वेगळे मांडतात, आणि मुलांच्या टेबलावरून मोठ्यांच्या टेबलावर जाणे ही वयात आल्याची खूण समजली जाते. जेवणापूर्वी काही घरांत प्रार्थना होते, तर काही घरांत प्रत्येक जण आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते एका-दोन वाक्यांत सांगतो. कोणाचे आजारपण, कोणाची गेलेली नोकरी, त्या वर्षी रिकामी राहिलेली खुर्ची यांचा उल्लेख बहुधा याच वेळी होतो. जेवणानंतर टर्कीच्या छातीचे इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे हाड दोघे जण दोन बाजूंनी ओढतात. ज्याच्या हाती मोठा तुकडा येतो त्याची इच्छा पूर्ण होते, असा समज आहे.

खाद्यपदार्थ

टर्की : ३२५ अंश फॅरनहाइट तापमानाला सुमारे ६ किलोचा पक्षी भाजण्यास तीन ते पावणेचार तास लागतात. मांसाच्या सर्वांत जाड भागाचे तापमान १६५ अंश फॅरनहाइट (७४ अंश सेल्सियस) झाले म्हणजे तो खाण्यास योग्य समजतात. भांड्यात जमलेल्या रसात पीठ लावून ग्रेव्ही करतात. उघड्यावर तेलात पूर्ण पक्षी तळण्याची पद्धतही दक्षिणेकडे आहे. अर्धवट गोठलेला पक्षी उकळत्या तेलात सोडल्याने आगी लागतात. घरगुती स्वयंपाकातून लागणाऱ्या आगींचे प्रमाण वर्षभरात याच दिवशी सर्वाधिक असते.

सारण : सुकवलेला पाव, कांदा, सेलरी व सेज या वनस्पतीची पाने यांचे मिश्रण पक्ष्याच्या पोटात भरतात किंवा वेगळ्या भांड्यात भाजतात. दक्षिणेत ते मक्याच्या पावाचे करतात.

क्रॅनबेरी : हे करवंदासारखे आंबट, लाल फळ मूळचे उत्तर अमेरिकेतील असून विस्कॉन्सिन व मॅसॅच्युसेट्स ही त्याची प्रमुख उत्पादक राज्ये आहेत. साखर घालून त्याची घट्ट चटणी करतात. डब्यातून काढलेली, डब्याच्याच आकाराची जेलीसारखी चटणी अनेकांना घरच्या चटणीपेक्षा प्रिय असते.

भाज्या : कुस्करलेले बटाटे, मार्शमॅलो घालून भाजलेली रताळी, मका आणि फरसबीचे कॅसरोल. यातील फरसबीचा पदार्थ १९५५ मध्ये कॅम्पबेल या सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी तयार केला. घरात सहज सापडणाऱ्या मोजक्या जिन्नसांत होत असल्यामुळे तो देशभर पसरला.

पाय : लाल भोपळा, पेकन व सफरचंद यांचे पाय सर्वत्र होतात. आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांत भोपळ्याऐवजी रताळ्याचा पाय व सोबत मॅकरोनी-चीज असते.

मका, लाल भोपळा, बटाटा व रताळे ही सर्व पिके मूळची अमेरिका खंडातील आहेत. युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत ती भारतात आली व महाराष्ट्रात इतकी रुजली की बटाटा व रताळे यांना उपवासाच्या पदार्थांत स्थान मिळाले.

उरलेले अन्न

शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे व तीन-चार दिवसांत संपवावे, अशी शिफारस असते. पुढील काही दिवस टर्कीचे सँडविच, हाडांचे सूप आणि कॅसरोल हेच घरोघरी जेवण असते. पाहुण्यांना डबे भरून देण्याची पद्धत आहे. काहींना हे उरलेले अन्न मूळ मेजवानीपेक्षा अधिक आवडते.

घरकाम व श्रम

जेवणास अर्धा-पाऊण तास पुरतो, परंतु तयारीस अनेक दिवस लागतात. पूर्वापार हा भार घरातील स्त्रियांवर पडत आला आहे. पुरुषाने टेबलाच्या शीर्षस्थानी उभे राहून टर्की कापणे व स्त्रियांनी तोवरचा व नंतरचा सर्व स्वयंपाक व आवराआवर करणे, हे चित्र विसाव्या शतकातील जाहिरातींनी पक्के केले. नॉर्मन रॉकवेल यांचे १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘फ्रीडम फ्रॉम वॉन्ट’ हे चित्र या सणाचे प्रतीक बनले. त्यात आजीच्या हातात जड थाळी आहे व आजोबा तिच्या मागे उभे आहेत. आता पदार्थ वाटून घेण्याच्या पद्धतीमुळे व पुरुषांच्या सहभागामुळे हा भार काहीसा कमी झाला आहे.

रुग्णालये, विमानतळ, अग्निशमन दल व दुकाने येथील कर्मचाऱ्यांना या दिवशीही कामावर जावे लागते. त्यांच्या घरी हा सण सोयीप्रमाणे आधी किंवा नंतर होतो.

शाळा व मुले

प्राथमिक शाळांत मुले कागदावर पंजा ठेवून त्याची बाह्यरेषा काढतात व रंगवून तिचा टर्की करतात. अंगठा हे डोके व बोटे हा पिसारा. वसाहतवाले व मूळ रहिवासी यांचे पोशाख घालून नाटुकली करण्याचीही प्रथा होती. मूळ रहिवाशांचे चित्रण त्यात उथळ व चुकीचे होते, अशी टीका झाल्यामुळे अनेक शाळांनी ती बंद केली व वांपानोआग लोकांचा इतिहास शिकवण्यास आरंभ केला.

दानधर्म

सणापूर्वी शाळा, चर्च व कचेऱ्यांतून टिकाऊ खाद्यपदार्थ गोळा करून अन्नपेढ्यांना दिले जातात. बेघर व गरीब लोकांसाठी सामूहिक भोजने होतात. या एका दिवशी स्वयंसेवकांची गर्दी होते व एरवी टंचाई असते, म्हणून इतर महिन्यांतही यावे, असे आवाहन या संस्था करतात. राष्ट्राध्यक्षांना टर्की भेट देण्याचा समारंभ १९४७ पासून होतो. त्या पक्ष्याला ‘माफी’ देऊन जीवदान देण्याची औपचारिक प्रथा १९८९ मध्ये जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांच्या काळात सुरू झाली.

दुसरा दिवस : ब्लॅक फ्रायडे

सणानंतरच्या शुक्रवारी नाताळच्या खरेदीचा हंगाम सुरू होतो. दुकाने मोठी सवलत देतात व ग्राहक पहाटेपासून रांगा लावतात. ‘ब्लॅक फ्रायडे’ हे नाव गर्दी व वाहतुकीची कोंडी यांना कंटाळलेल्या फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आणले. पुढे काही साखळी दुकाने गुरुवारी सायंकाळीच उघडू लागली. कर्मचाऱ्यांचा सण हिरावला जातो, अशी टीका त्यावर झाली. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड व मेन या राज्यांत मात्र जुन्या कायद्यांमुळे मोठी दुकाने या दिवशी बंद असतात. ऑनलाइन खरेदीच्या प्रसारानंतर पुढच्या सोमवारी ‘सायबर मंडे’ (२००५ पासून) व त्यानंतरच्या मंगळवारी दानासाठी ‘गिव्हिंग ट्यूसडे’ (२०१२ पासून) असे दिवस पाळले जाऊ लागले.

मूळ रहिवाशांची भूमिका

१६२१ च्या मेजवानीतील सलोखा फार काळ टिकला नाही. जमिनीवरील वाढत्या अतिक्रमणातून १६७५-७६ मध्ये मॅसॅसॉइटचा मुलगा मेटाकॉम (इंग्रजांचा ‘किंग फिलिप’) याच्या नेतृत्वाखाली युद्ध झाले. त्यात मेटाकॉम मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथ येथे अनेक वर्षे खांबावर लावून ठेवण्यात आले. त्याची पत्नी व मुलगा कैद झाले.

१९७० मध्ये प्लिमथ वसाहतीस ३५० वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्तच्या समारंभात बोलण्यासाठी वांपानोआग समाजातील वॉम्सुटा फ्रँक जेम्स यांना निमंत्रण होते. त्यांच्या भाषणाचा मसुदा पाहून आयोजकांनी तो बदलण्यास सांगितले तेव्हा त्यांनी नकार दिला. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मॅसॅसॉइटच्या पुतळ्याजवळ, कोल्स हिल येथे, पहिला ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळण्यात आला. तेव्हापासून दरवर्षी तेथे लोक जमतात व अनेक जण उपवास करतात. सॅन फ्रान्सिस्कोजवळील अल्काट्राझ बेटावर १९७५ पासून याच दिवशी सूर्योदयाच्या वेळी मूळ रहिवाशांचे संमेलन होते. सर्व मूळ रहिवासी या सणाला विरोध करतात असे नाही; अनेक कुटुंबे इतिहासाचे भान ठेवून एकत्र जेवतात. पिकाबद्दल आभार मानण्याची त्यांची स्वतःची परंपरा वसाहतवाल्यांपेक्षा जुनी आहे. प्लिमथ येथील वस्तुसंग्रहालयाने २०२० मध्ये आपल्या नावात ‘पटुक्सेट’ हा शब्द समाविष्ट केला.

स्थलांतरित व मराठी भाषक

स्थलांतरितांनी या भोजनात आपापल्या पदार्थांची भर घातली आहे. इटालियन घरांत लझान्या, मेक्सिकन घरांत तमाले, तर चिनी घरांत टर्कीऐवजी भाजलेले बदक असते. कुटुंबापासून दूर असलेले लोक मित्रमंडळींसह ‘फ्रेंड्सगिव्हिंग’ साजरे करतात. अनेक विद्यापीठांच्या परिसरातील स्थानिक कुटुंबे परदेशी विद्यार्थ्यांना या दिवशी जेवायला बोलावतात. भारतीय विद्यार्थ्यांना अमेरिकी घर आतून पाहण्याची संधी अनेकदा यातूनच मिळते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना गणपती, दसरा व दिवाळी या सणांना देशव्यापी सार्वजनिक सुटी नसते. म्हणून वेगवेगळ्या राज्यांतील नातेवाइकांनी एकत्र येण्यासाठी थँक्सगिव्हिंगची चार दिवसांची सुटी सोयीची पडते. अमेरिकेत वाढलेली मुले शाळेत ऐकलेले पदार्थ घरी करण्याचा आग्रह धरतात आणि आईवडील त्यांच्या जोडीला पुरी-भाजी किंवा मसालेभात करतात. शाकाहारी घरांत टर्की वगळून रताळी, मका, क्रॅनबेरी व पाय यांचा बेत होतो.

इतर देशांतील तत्सम सण

कॅनडामध्ये उत्तरेकडील हंगाम लवकर संपत असल्यामुळे हा सण ऑक्टोबरात येतो. दुसरा सोमवार १९५७ मध्ये निश्चित झाला. अमेरिकेतून गेलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या लायबेरियात नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी तो साजरा होतो. जर्मनीतील ‘एर्नटेडांकफेस्ट’ हा चर्चमधील सुगीचा सण आहे. जपानमध्ये २३ नोव्हेंबर हा श्रमाबद्दल आभार मानण्याचा दिवस आहे. गोव्यातील ख्रिस्ती समाजात नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देण्याचा ‘कोणसांचें फेस्त’ हा उत्सव ऑगस्टमध्ये असतो, तर महाराष्ट्रात कोजागरी पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा असेही म्हणतात. या सणांचा उगम एकमेकांपासून स्वतंत्र असला, तरी हाती आलेल्या धान्याचा पहिला घास कृतज्ञतेने घेण्याची भावना त्या सर्वांत समान आहे.

हे सुद्धा पहा

* नाताळ
* हॅलोवीन
* नवान्न पौर्णिमा
* अमेरिकेतील मूळ रहिवासी